कीटण हवे आहे

कसबा पेठ, पुणे
शनिवार, दुपार

आदरणीय दादा,

सप्रेम जय भीम. वहिनींनाही जय भीम सांगा, आणि हे पत्र त्यांच्यासमोरच वाचा, म्हणजे मधली पानं गाळायचा मोह होणार नाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा, वहिनींची पाठ आणि अंगणातलं लिंबाचं झाड यांची तब्येत कशी आहे ते कळवावं. रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की आठवण झाली की घेता, तेही कळवावं. घरोघर फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दादा, तुम्ही अख्खी नोकरी मुख्याध्यापक म्हणून काढलीत. फोनवर समोरचा माणूस बोलायला लागला की तुम्हाला वर्गात गडबड सुरू झाल्यासारखं वाटतं. मागच्या फोनला तुम्ही मला विचारलंत की पोरगी तिथे नेमकं शिकते तरी काय, आणि मी ‘अहो दादा’ एवढं म्हणेपर्यंत उत्तरही तुम्हीच देऊन फोन ठेवलात. पत्रात तशी सोय नाही. इथे मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. रणजित (आमच्या खालच्या मजल्यावरचा, कामानिमित्त हिंगणघाटला येतो आहे) हे पत्र हातात आणून देईल. त्याला चहा द्या, उपदेश देऊ नका.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते. दीक्षाच्या पदवीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. लेखी सगळं झालं, चांगलं झालं. पण या प्रात्यक्षिकाला ज्याचा त्याने आपला रुग्ण घेऊन जायचा असतो, आणि दीक्षाजवळ आज रुग्ण नाही. रुग्ण नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर पुढच्या सत्रापर्यंत घरी बसा, आणि त्याबाबत तुमचा हुकूम तुम्हाला आठवतच असेल (एका विषयात जरी अडकली तर सामान बांधून हिंगणघाट). होता तो रुग्ण हातचा कसा गेला ते सांगायचं, तर ती शिकते काय हे आधी सांगावं लागेल. म्हणजे तुमच्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. तेव्हा चष्मा लावा.

तिला इथे पाठवायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, ‘काहून शैले, लोकायचे दात घासाले पोरीले पुण्याले पाठवू का?’ खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की दात घासायला असं शिकण्यासारखं काय आहे, आपण लहानपणी राखुंडीनं बोटांनी घासत होतो आणि पदवी कुणी दिली नाही. पण दंतस्वच्छतेच्या या अभ्यासात पहिल्या वर्षी तर दाताचं नावही नाही. हाडं, रक्त, नसा, हृदय, फुप्फुसं. मी म्हटलं, अगं, तोंडापर्यंत कधी पोचणार? तर म्हणाली, ‘आत्या, तोंड काय हवेत लटकतं का?’ मग जंतू आले. एक दिवस आनंदरावांच्या (आमचे हे, निवृत्त झाल्यापासून यांना घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते) दातांवरचा थर ती काडीवर घेऊन कॉलेजात गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते मोबाइलवर टिपून घेऊन आली. ते तिनं जेवणाच्या ताटावर दाखवलं. वळवळ, वळवळ. आनंदराव म्हणाले, ‘एवढी वर्दळ तर लक्ष्मी रस्त्यावर नसते,’ आणि ताट सरकवून उठले. तेव्हापासून झोपायच्या आधी दात घासतात, ते मात्र न सांगता.

त्यानंतर दात कोरायचे आले. कॉलेजात मेणाचे, घरी सरावाला साबणाचे. कुठला दात किती रुंद, त्याला मुळं किती, खाच कुठे, हे हाताला कळल्याशिवाय हत्यार हातात देत नाहीत. एके सकाळी आनंदराव अंघोळीला गेले आणि आतून म्हणाले, ‘शैला, साबणाला मुळं फुटली आहेत.’ ती वरची दाढ होती, चांगली तीन मुळांची. दुसरी वडी घरात नव्हती, म्हणून आठवडाभर ते दाढेनंच अंघोळ करत होते. दातांना त्यांच्यात नावं नसतात, नंबर असतात. तोंडाच्या चार पेठा केलेल्या आहेत; पहिला आकडा पेठेचा, दुसरा घराचा. आमचा दूधवाला हसला की डाव्या बाजूची खालची दाढ किडलेली दिसते, म्हणून दीक्षा त्याला छत्तीस म्हणते. आता मीही म्हणते. (परवा आनंदरावांनी त्याला तोंडावरच ‘या छत्तीस’ म्हटलं. त्यानं दूध कमी घातल्याचा मला संशय आहे.)

हात स्थिर राहावा म्हणून अंड्याला नखांचा रंग लावायचा आणि तो टोकदार हत्यारानं, कवच न फुटता, खरवडून काढायचा. हत्यार लेखणीसारखं धरायचं, एक बोट कायम टेकलेलं ठेवायचं, कोपर असं, पाठ अशी, पाय जमिनीवर सपाट. बसावं कसं याचाही त्यांना धडा आहे. सुरुवातीला अंडी फुटत होती, तेव्हा आमच्याकडे गुलाबी आम्लेट होत होतं, आणि ते कुणी खात नव्हतं म्हणून मांजराला घातलं. मांजरानंही वास घेऊन तोंड फिरवलं. आता अंडी फुटत नाहीत. आता ती डोळ्यांना पट्टी बांधल्यासारखी नुसत्या बोटांच्या टोकांनी खडबडीत कुठे आणि गुळगुळीत कुठे ते सांगते, कारण हिरडीच्या आत डोळे जात नाहीत. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, आमच्या पोळपाटाला कुठे तडा गेला आहे तेही तिनंच सांगितलं.

औषधांचा विषयही असतो. माणूस कुठल्या गोळ्या घेतो, रक्त पातळ व्हायचं औषध आहे का, साखर आहे का, हे विचारल्याशिवाय त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. ही सवय एवढी अंगात भिनली की इंदुबाई वरच्या मजल्यावरून विरजण मागायला आल्या, तर हिनं वाटी हातात घेण्याआधी त्यांच्या घराण्यातले सगळे आजार विचारले. इंदुबाई म्हणाल्या, ‘अगं, दह्याला एवढं लागतं का?’ पण बोलता बोलता निघालं की दात घासताना त्यांना रक्त येतं, आणि हिरड्या सुजून लाल झालेल्या. दीक्षा म्हणाली, निदान डॉक्टर करतील, मी नाही, पण तुम्ही साखर तपासून घ्या. इंदुबाईंनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मग हीच त्यांना हाताला धरून तपासायला घेऊन गेली. साखर अशी निघाली की डॉक्टरांनी त्यांना तिथेच बसवून ठेवलं. आता इंदुबाई गोळ्या घेतात, रोज चालायला जातात, आणि विरजण मागायला शेजारच्या जिन्यात जातात. दादा, त्या दिवशी मला पोरीचा फार अभिमान वाटला. सरळच लिहिते, कारण फोनवर तुम्ही मला हे वाक्य पूर्ण करू दिलं नसतं.

शिवाय रुग्णाशी बोलावं कसं, हाही विषय. रागवायचं नाही, लाजवायचं नाही, विचारायचं. आनंदराव दिवसाला किती साखरेचे चहा पितात ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यावरून जन्मभर भांडले, त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. दीक्षा फक्त त्यांच्यासमोर बसून विचारायची, ‘काका, तुम्हाला स्वतःला याबद्दल काय वाटतं?’ आणि गप्प राहायची. आनंदराव मला म्हणाले, ‘तिला सांग, शिव्या दे, पण असं विचारू नकोस.’ महिनाभरात साखर अर्धी झाली. तुम्ही वर्गात हा प्रकार करून पाहिला असतात तर किती छड्या वाचल्या असत्या, असं मनात आलं. असो.

आता कीटण. दातावर रोज जो थर साठतो तो ब्रशनं जातो. राहिला तर त्याचा दगड होतो, ते कीटण. मग ब्रश झिजतो, कीटण झिजत नाही. ते हत्यारानंच काढावं लागतं, आणि ते काढून दाखवणं हीच शेवटची परीक्षा. म्हणून रुग्ण असा हवा की ज्याच्या पुष्कळ दातांवर, हिरडीच्या वर आणि खाली, टणक, जुनं कीटण आहे. कॉलेजातल्या मॅडम आधी तपासून पसंत करतात, आणि मग परीक्षेपर्यंत त्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. आमची पंचाईत अशी की सरावासाठी दीक्षानं एकेकाला कॉलेजात नेऊन आधीच साफ केलं होतं. आनंदराव झाले, मी झाले, रणजित झाला, त्याची आई झाली, सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा झाले. अख्ख्या इमारतीत कीटण औषधालाही उरलं नाही.

तेवढ्यात बापूराव सापडले. पलीकडच्या गल्लीतले तांबट. आयुष्यभर हंडे आणि घंगाळी ठोकून कान गेलेले, पण दात सगळे शाबूत, आणि खालच्या दातांना आतून कीटणाचा असा कठडा की जीभ बाहेर पडायची नाही. ते आमच्या दारात घंगाळ्याबद्दल बोलायला उभे होते. दीक्षा बोलणं ऐकतच नव्हती, ती नुसती तोंडात बघत होती. पोरगी स्थळ बघायला गेल्यावर इतकी खूश होणार नाही. मॅडमनी त्यांच्या तोंडात आरसा फिरवला आणि सगळ्या वर्गाला बघायला बोलावलं. म्हणाल्या, असं हल्ली मिळत नाही. मग काय, बापूरावांचा भाव वधारला. केदार म्हणून तिच्या वर्गातला एक मुलगा आहे, त्याचाही रुग्ण ठरत नव्हता. त्यानं बापूरावांना परस्पर मिसळ खायला नेलं. मग मीही माघार घेतली नाही, रोज डबा पाठवू लागले. बापूराव ज्याचं त्याचं खात होते आणि दोघांनाही मान डोलवत होते, कारण ऐकू कुणाचंच येत नव्हतं. शेवटी आमच्या सुरमई मासळीपुढे केदारची मिसळ हरली.

परीक्षा गेल्या बुधवारी होती. मंगळवारी आनंदरावांनी बापूरावांना जिन्यात गाठलं आणि बाहेरगावचे परीक्षक येणार आहेत, पोरीच्या नावाचा प्रश्न आहे, जरा नीटनेटके या, असं त्यांच्या कानात (म्हणजे सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं) सांगितलं. आता आपली माणसं कशी आहेत ते तुम्हाला माहीत आहे. भांडीवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणारी, आणि डॉक्टरकडे जाताना धुतलेला बनियन घालणारी. संध्याकाळी बापूराव दारात उभे. कोरा सदरा, पांढरी टोपी, ताजी दाढी, आणि हसू. चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखे दात लखलखत होते. आपल्यामुळे पोरीला कमीपणा नको, म्हणून ते कुठल्याशा दवाखान्यात जाऊन कीटण झाडून सगळं काढून आले होते.

दीक्षानं त्यांना आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. टॉर्च लावून सगळं तोंड नीट तपासलं आणि म्हणाली, ‘छान केलंय आजोबा, आता असंच ठेवा.’ मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. बाहेर बापूराव मला ओरडून विचारत होते, ‘आता किती मार्क पडतील?’ मी बोटांनी भरपूर म्हणून खूण केली. त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. मॅडम भल्या बाई, त्यांनी हिला पुढच्या शनिवारच्या, शेवटच्या तुकडीत ढकललं. पण त्यानंतर तुकडी नाही.

आनंदरावांना अपराधी वाटलं (वाटायलाच हवं होतं). त्यांनी जिन्यात पाटी लावली, ‘कीटण असलेल्या व्यक्ती हव्या आहेत. चौकशी न करता थेट तोंड दाखवावे.’ तासाभरात सेक्रेटरींनी ती काढून आपली लावली, ‘येथे तोंड दाखवू नये.’ मग हे मंडईत गेले आणि भाव करणाऱ्यांच्या तोंडात वाकून बघू लागले. एका गृहस्थांना म्हणाले, जरा हसता का? ते म्हणाले, ‘आपली ओळख नाही, आणि वांग्यांचे भाव ऐकल्यावर हसण्यासारखं काही राहिलेलंही नाही.’ दुसऱ्या एकांना मात्र दया आली. परीक्षेचं, पोरीचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग तोंडात हात घालून वरची आणि खालची कवळी काढली आणि आनंदरावांच्या हातावर ठेवली. म्हणाले, ‘घेऊन जा. जेवायच्या वेळेपर्यंत परत आणून द्या म्हणजे झालं.’ आनंदरावांना नाही म्हणवेना, रुमाल काढेपर्यंत त्यांची मजल गेली होती. कीटणवाले दोघं मिळाले होते, त्यांतल्या एकाचा रक्तदाब जास्त निघाला आणि दुसऱ्यानं सुई टोचणार का विचारलं आणि परत आलाच नाही. दीक्षा जेवते, अभ्यास करते, पण कुणी जांभई दिली की पटकन त्याच्याकडे बघते. मला ते बघवत नाही.

तर ती शिकते ते हे. विचारलंत म्हणून कळवलं. या पत्रात मी तुमच्याकडे काहीही मागितलेलं नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. वहिनींना सांगा, सांडगे मिळाले, आणि ते संपलेही.

तुमची धाकटी बहीण,
शैला

ता. क. रणजित गुरुवारच्या गाडीनं परत निघतो आहे. त्याच्या शेजारची जागा तुमच्या नावानं काढून ठेवली आहे, गुडघ्यासाठी खालची. झालं असं की नात्यातल्या आयुषच्या लग्नाचे फोटो चाळताना एकात तुम्ही चुकून हसलेले सापडलात. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून बरीच वर्षं झाली असं तुम्ही सांगता, पण तुमच्या खालच्या दातांचं मत वेगळं दिसतं. दादा, एवढं कीटण मी पुण्यात पाहिलं नाही, आणि मी आता पुष्कळ पाहिलं आहे. तेव्हा यायचं. रक्तदाबाची गोळी आजपासून रोज सकाळी घ्यायची, कारण परीक्षक आधी तो मोजतात. गोळ्यांची पाकिटं बरोबर आणायची. आणि तिथल्या कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घ्यायचे नाहीत. कडक इस्त्रीचा सदरा चालेल.

ता. क. दुसरे. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडं ठेवायचं असतं आणि बोलता येत नाही. हे काम पुष्कळ वेळ चालतं. वहिनींना मी हे फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या की तिकीट माझंही काढा, मला तेवढं एकदा बघायचं आहे. तेव्हा त्यांचीही जागा काढली आहे.

ता. क. तिसरे. मी हे लिहिते आहे ते दीक्षाला माहीत नाही. तुमचं नाव मी मंगळवारीच काढलं होतं, ती नको म्हणाली. मला वाटलं, तुमचं ते बोलणं अजून मनात धरून बसली आहे, म्हणून रागावले. तर म्हणाली, ‘तसं नाही आत्या. उन्हाळ्यात बाबा दुपारी तोंड उघडं टाकून झोपतात, तेव्हा मी टॉर्च लावून सगळं पाहिलंय. हिरड्या सुजल्यात, एक दात हलतो. नीट काढायचं म्हणजे त्यांना दुखणार, रक्त येणार. दुसऱ्या कुणाचं आलं तर मी थांबत नाही. पण बाबांच्या कपाळाला आठी पडली तर माझा हात चालायचा नाही.’ तेव्हा या दादा, आणि कितीही दुखलं तरी कपाळाला आठी पाडू नका.